तयार ड्रोन नको, आधी हातचे विमान



संचालक मंडळाच्या मागील बैठकीत शाळेसाठी दोन ड्रोन घ्यावेत असा विचार निघाला. सूचना चांगल्या मनाने आली होती. आपल्याच शहरात एम.आय.टी.एस. येथे 2022 साली ड्रोन स्कूल सुरू झाले, मुलांना त्यात रोजगार दिसतो. तरीही मी विरोध केला, त्याचे कारण लिहितो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, भाषेत चूकभूल असल्यास सांभाळून घ्यावे.

लहानपणी वडिलांनी बाल्सा लाकडाचे ग्लायडर करायला शिकवले. नोकरी लागल्यावर पहिला रेडिओ सेट घेतला. त्या काळी सेटमध्ये क्रिस्टल असे. मैदानात दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की एकाचे विमान गेलेच समजा! आताच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या सेटमध्ये ती कटकट नाही. आमच्याकडे हा छंद एकट्याचा कधीच नव्हता. विमान हाताने सोडायचे काम सौ.चे, आणि तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे.

मुलगी नऊ वर्षांची असताना शिकली. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. तिथेच ती चुकली आणि विमान गव्हाच्या शेतात गेले. मग आजोबा, ती आणि मी चार रात्री पंख जोडत बसलो. पुढे दहावीच्या वर्षी ती माझ्याशी फारसे बोलत नसे. त्या टेबलाशी बसली की मात्र बोलायची. गणिताची भीती वाटते, हे मला तिथेच कळले. इतक्या वर्षांचा शिक्षक, आणि घरातले ठाऊक नव्हते.

तयार ड्रोनला त्यातला संगणक सरळ ठेवतो. ग्लायडरचे तसे नाही. नाक जड की बुडते, शेपूट जड की डोलून पडते. तोल पंखाच्या रुंदीत पुढून साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यात यावा लागतो, तो बोटांवर धरून पाहावा लागतो. राइट बंधूंना 1878 मध्ये वडिलांनी रबरावर उडणारे खेळणे आणून दिले. मुलांनी तसेच मोठे करून पाहिले, ते नीट उडेना. का उडेना, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

आणखी एक अडचण. थाटीपुरात महाराजपुऱ्याच्या मिराजचा आवाज आला की वर्ग थांबवावा लागतो. अशा हवाई तळाजवळ गच्चीवरून काही उडवणे बरोबर नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेलेही येतात, आणि सरकारी नकाशावरील लाल-पिवळ्या क्षेत्रात परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. रेडिओच्या विमानासाठी शहराबाहेर, नकाशा पाहूनच जावे लागेल.

सभागृहात मात्र ग्लायडर उडवायला हरकत नाही. विश्वस्तांना विनंती की रविवारी सकाळी दोन तास ते उघडून द्यावे. ड्रोनच्या पैशांतून थर्माकोल, बाल्सा आणि एक शिकाऊ विमान घ्यावे. ड्रोन नंतर पाहू.

माझी अट एकच, मुलासोबत घरचे कोणीतरी बसले पाहिजे. बाहेर गाडीत मोबाईल पाहत थांबणारे पालक चालणार नाहीत, आजी-आजोबा चालतील. नावे कार्यालयात द्यावीत. गोंद शाळा देईल, घरून आणू नये, काही गोंदांनी थर्माकोल वितळतो.