रुग्णालयाचे गुण दारावर लावा!

सरकारी रुग्णालयांना गुण देण्याची राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके केंद्र शासनाने २०१३ साली आणली. रुग्णांचे हक्क, जंतुसंसर्गाला आळा, उपचारांचे फलित अशा आठ अंगांनी तपासणी होते. किमान ७० टक्के गुण मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. सामाजिक दर्जामुळे कुणाच्याही उपचारात अडसर येऊ नये, हेही त्यात नमूद आहे. आम्ही त्याचे स्वागत करतो.

पण हे गुण रुग्णाला कळतात काय? बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. तिथून रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर. अडलेल्या बाळंतिणीला 'पुढे न्या' म्हणून चिठ्ठी दिली, तर वाटेत तिचे काय झाले हे कोणत्या रुग्णालयाच्या गुणांत धरणार? फरशीची स्वच्छता मोजणे सोपे असते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. रुग्णाची सुरक्षा कशाला म्हणतात, ते त्या मातांना विचारा.

आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी रुग्णालयाने दाराशी मराठीत फलक लावावा. मिळालेले गुण, रिक्त पदे, पुढे पाठवलेले रुग्ण, माता व बालमृत्यू आणि आगीची शेवटची तपासणी, सारे त्यावर असावे. तपासणीच्या वेळी वस्तीतल्या महिलांनाही विचारावे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे घटनेचे कलम ४७ सांगते. त्या कर्तव्याचा हिशेब मागायला आता वस्त्यांनीच पुढे यावे!