विश्लेषण : घाटात पोगाचार इतका वेगवान कसा? सायकल शर्यतींवरचा उत्तेजकांचा संशय का मिटत नाही?

१४ जुलै २०२४ रोजी ‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीचा १५वा टप्पा पिरेनीज पर्वतरांगेतील प्लातो द बेय या घाटमाथ्यावर संपला. शेवटची चढण १५.८ किलोमीटरची आणि सरासरी चढ जवळपास ८ टक्के. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने ही चढण ४० मिनिटांच्या आत पार केली. तिथला आधीचा विक्रम इटलीच्या मार्को पान्तानीच्या नावावर होता, तोही १९९८ पासून. पोगाचारने तो साडेतीन मिनिटांहून अधिक फरकाने मोडला. मात्र पान्तानीच्या त्या वर्षीच्या नमुन्यांत उत्तेजक द्रव्य होते, हे नंतर उघड झाले होते. त्यामुळे उत्तेजके घेतलेल्या खेळाडूपेक्षा वेगाने घाट चढणारा खेळाडू स्वच्छ असू शकतो का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. पोगाचार आजवर एकाही उत्तेजक चाचणीत दोषी आढळलेला नाही. तरीही संशय का घेतला जातो?

संशय चढणीवरच का?

सपाट रस्त्यावर सायकलपटू एकमेकांच्या आडोशाने जातात. वारा कापण्याचे काम पुढचा करतो, मागच्याची ताकद वाचते. त्यामुळे तिथल्या वेगावरून एका खेळाडूची क्षमता कळत नाही. तीव्र चढावर वेग कमी होतो, आडोशाचा फायदा घटतो आणि मुख्य लढाई गुरुत्वाकर्षणाशी होते. तिथे निर्णायक ठरते ते शरीराच्या दर किलो वजनामागे खेळाडू किती वॅट शक्ती लावतो, हे प्रमाण. चढणीची लांबी, उंची आणि लागलेला वेळ माहीत असला की हे प्रमाण अंदाजे काढता येते. प्लातो द बेयवर पोगाचारने दर किलोमागे सुमारे ७ वॅट शक्ती लावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इतकी शक्ती जवळपास ४० मिनिटे टिकवणे ही असाधारण गोष्ट मानली जाते.

‘फेस्टिना’ संघाचे माजी प्रशिक्षक आंत्वान वायेर यांनी तर अशा अंदाजांची पट्टीच तयार केली. प्रमाणित वजनाच्या खेळाडूसाठी ४१० वॅटच्या पुढे ‘संशयास्पद’, ४३० च्या पुढे ‘चमत्कारिक’ आणि ४५० च्या पुढे थेट ‘उत्परिवर्तित’ अशी त्यांची वर्गवारी आहे.

पान्तानीशी तुलना का झोंबते?

१९९० चे दशक सायकलिंगमध्ये ‘ईपीओ’चे दशक म्हणून ओळखले जाते. हे संप्रेरक रक्तातील तांबड्या पेशी वाढवते. त्यामुळे स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि खेळाडू उशिरा थकतो. त्या काळी ते ओळखणारी चाचणीच नव्हती. जुलै १९९८ मध्ये फेस्टिना संघाचा मसाजिस्ट विली वोएत उत्तेजकांनी भरलेल्या गाडीसह फ्रान्सच्या सीमेवर पकडला गेला आणि या व्यवहाराचा आवाका जगासमोर आला. त्या वर्षी टूरमध्ये पहिल्या तीन क्रमांकांवर पान्तानी, यान उलरिच आणि बॉबी ज्युलिक होते. पान्तानी व उलरिच यांच्या जुन्या नमुन्यांत ईपीओ आढळल्याचे २०१३ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या अहवालातून समोर आले. ज्युलिकने त्याआधीच कबुली दिली होती. म्हणजे पोगाचारने मोडलेला विक्रम त्या काळातला आहे. २०२४ मध्ये त्याने जिरो आणि टूर या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्या. हा पराक्रम त्याआधी शेवटचा केला होता तोही पान्तानीनेच, १९९८ मध्ये.

चाचण्या निर्दोष, मग शंका कशाला?

कारण चाचण्यांनी चाहत्यांना आधी फसवले आहे. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सलग सात विजेतेपदे मिळवली आणि चाचण्यांत आपण निर्दोष असल्याचे तो वर्षानुवर्षे सांगत राहिला. अखेर २०१२ मध्ये त्याला उघडे पाडले ते अमेरिकी उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने जमवलेल्या २६ जणांच्या साक्षींनी, चाचण्यांनी नाही. साक्ष देणाऱ्यांत त्याचेच ११ माजी सहकारी होते.

दरम्यान तपासणीही सुधारली होती. २००८ मध्ये ‘जैविक पासपोर्ट’ आला. यात खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात. द्रव्य सापडले नाही तरी हिमोग्लोबिन किंवा नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण अनैसर्गिक रीतीने बदलले तर ते लक्षात येते. यामुळे बेसुमार उत्तेजके घेणे अवघड झाले, अशक्य झाले नाही. ईपीओ अगदी थोड्या मात्रेत घेतले तर त्याचा माग काही तासांतच पुसट होतो. स्वतःचेच रक्त काढून ठेवून पुन्हा भरून घेणे पकडणेही कठीण असते. २०१९ मध्ये जर्मनीतील एका डॉक्टरचे रक्त-उत्तेजनाचे जाळे उघड झाले. त्यात सायकलपटूही होते आणि ते सापडले पोलिसी कारवाईमुळे.

वेग वाढण्याची अन्य कारणे कोणती?

ती आहेत आणि किरकोळ नाहीत. पूर्वी शर्यतीत तासाला ६० ग्रॅम कर्बोदके ही पचनाची मर्यादा मानली जाई. आज खेळाडू १२० ग्रॅमपर्यंत घेतात. त्यामुळे पाच तासांच्या शर्यतीनंतरही शेवटच्या चढणीसाठी इंधन शिल्लक राहते. रुंद व कमी घर्षणाचे टायर, वारा कापणारे कपडे व सायकली, समुद्रसपाटीपासून उंचावरची नियोजनबद्ध सराव शिबिरे आणि प्रत्येक सरावाची वॅटमध्ये नोंद हे सारे पान्तानीच्या काळात आजच्या पातळीवर नव्हते.

डावपेचही बदलले आहेत. प्लातो द बेयवर प्रतिस्पर्धी योनास विंगेगारच्या संघाने चढणीच्या पायथ्यापासूनच जबर वेग ठेवला. मग स्वतः विंगेगारने हल्ला चढवला आणि पोगाचारला बराच वेळ त्याच्या मागे राहता आले. त्या दिवशी पान्तानीचा वेळ विंगेगार आणि तिसऱ्या आलेल्या रेम्को एव्हेनेपूलनेही मोडला. वेगवेगळ्या संघांचे तिघे एकाच दिवशी विक्रम मोडतात, तेव्हा परिस्थितीचाही वाटा असणार, असा युक्तिवाद केला जातो. मात्र हे सारे मिळून साडेतीन मिनिटांचा हिशेब पूर्ण लागतो का, यावर एकमत नाही.

वॅटचे आकडे किती भरवशाचे?

२०१५ च्या टूरमध्ये ख्रिस फ्रूमने अशाच एका चढणीवर सर्वांना मागे टाकले. फ्रान्सच्या सरकारी वाहिनीवर तज्ज्ञाने त्याची शक्ती दर किलोमागे ७.०४ वॅट असल्याचा अंदाज मांडला. फ्रूमच्या संघाने स्वतःचे आकडे जाहीर केले तेव्हा ते प्रमाण ५.७८ निघाले. खेळाडूचे नेमके वजन, वाऱ्याची दिशा आणि मोजणीच्या उपकरणातील त्रुटी यांमुळे इतका फरक पडू शकतो. त्याच शर्यतीत एका प्रेक्षकाने आपल्या अंगावर लघवी फेकल्याचे फ्रूमने सांगितले होते. अंदाजावर उभ्या राहिलेल्या संशयाची किंमत खेळाडूला कशी मोजावी लागते, हे त्यातून दिसले.

कार्बन मोनॉक्साइडचे प्रकरण काय?

पोगाचार आणि विंगेगार यांचे संघ कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याचे यंत्र वापरत असल्याचे जुलै २०२४ मध्येच उघड झाले. अल्प प्रमाणात हा वायू घेतल्यास शरीरातील एकूण हिमोग्लोबिन मोजता येते. उंचावरच्या सरावाचा किती फायदा झाला, हे त्यावरून कळते. दोन्ही खेळाडूंनी केवळ मोजणीसाठी ही चाचणी केल्याचे सांगितले आणि तेव्हा ती नियमबाह्य नव्हती. पण हाच वायू वारंवार घेतल्यास शरीर तांबड्या पेशी वाढवू लागते, ही भीती होती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने फेब्रुवारी २०२५ पासून त्यावर निर्बंध आणले. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने म्हणजे ‘वाडा’ने १ जानेवारी २०२६ पासून निदानाखेरीज त्याच्या वापरावर बंदी घातली. कायदेशीर आणि बेकायदा यांतली रेघ किती बारीक आहे आणि नियम अनेकदा विज्ञानाच्या मागून येतात, हे या प्रकरणात दिसले.

संघाचा इतिहास आड येतो का?

पोगाचारच्या ‘यूएई’ संघाचे प्रमुख माउरो जियानेत्ती हे २००८ मध्ये ‘सोनिए दुव्हाल’ संघाचे व्यवस्थापक होते. त्या वर्षीच्या टूरमध्ये त्यांचा खेळाडू रिकार्दो रिक्को उत्तेजक चाचणीत सापडला आणि संघाने माघार घेतली. टीकाकार हा दाखला हमखास देतात. तेव्हा पोगाचार नऊ वर्षांचा होता, हेही तितकेच खरे. जुन्या माणसांना महत्त्वाच्या जागी ठेवून खेळ नव्याने विश्वास मागतो, तेव्हा प्रश्न येणारच. पण तो पुरावा नव्हे.

मग खरे-खोटे कळणार कधी?

घड्याळ गुन्हा सिद्ध करू शकत नाही. कुणावर अधिक लक्ष ठेवावे, कुणाची अचानक तपासणी करावी, एवढे ते सांगू शकते. निगेटिव्ह अहवालही निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र ठरत नाही, हे आर्मस्ट्राँगने शिकवले आहे. खात्रीच्या अधिक जवळ नेणारे मार्ग दोन. पहिला, नमुने दहा वर्षांपर्यंत जपून नव्या तंत्राने पुन्हा तपासणे. ही तरतूद नियमांत आहे. दुसरा, खेळाडूंच्या वॅटच्या आणि रक्ताच्या नोंदी स्वतंत्र तज्ज्ञांसाठी खुल्या करणे. प्रतिस्पर्ध्यांना गुपिते कळतील, या भीतीने संघ त्यास तयार होत नाहीत.

पोगाचारने २०२५ मध्ये टूर चौथ्यांदा जिंकली. तो स्वच्छ असेल तर आधीच्या पिढीच्या पापाचा भार एका असामान्य खेळाडूवर लादला जात आहे. नसेल तर चाहते पुन्हा फसवले जात आहेत. यातले खरे काय, हे नोंदी बंद असेपर्यंत बाहेरून कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.