फोटोखाली नाव लिहा

कारखान्यातल्या कामगारांचे फोटो काढायला हवेत, असं बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कुणी म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं : "फोटो आहेत की!" आहेत, खरंच आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी असा हा साखरेचा मुलूख. कारखान्यांच्या स्मरणिका चाळल्या की बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकणारे मान्यवर आणि ओळीने बसलेलं संचालक मंडळ सहसा भेटतंच.

त्यात पॅनमन शोधून पाहा. पॅनमध्ये रस आटत असताना हा माणूस नमुना काढतो, काचेवर पसरतो, उजेडासमोर धरून दाणा कसा धरतोय ते पाहतो, आणि पॅन कधी रिकामा करायचा ते ठरवतो. पोत्यातल्या साखरेचा दाणा त्याच्या नजरेवर ठरत आला. आता हे काम उपकरणांकडे सरकतंय. ती नजर, तो हात, उभं राहण्याची ती पद्धत पाहणारी शेवटची पिढी निवृत्तीला आली आहे आणि आपण मात्र मोळीपूजनाचे फोटो जपतोय. समारंभाच्या फोटोला माझा विरोध नाही. तो कामाचा फोटो आहे, हे म्हणणं मला मान्य नाही.

वालचंदनगरचंही तेच. इंदापूर तालुक्यातल्या या गावात इस्रोच्या अग्निबाणांची मोटर केसिंग बनली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर, त्या पोलादी नळकांड्याच्या जोडात केसाएवढी फट चालत नाही. असा जोड देणाऱ्या वेल्डरचं नाव उड्डाणाच्या बातमीत येत नाही, निदान फोटोखाली तरी यावं. मित्तर बेदींनी स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय उद्योगाचे अप्रतिम फोटो काढले. पाइप, चिमण्या, टाक्यांवरचा त्यांचा प्रकाश आजही थक्क करतो. पण ती कामं कंपन्यांनी सांगितलेली होती, आणि त्यांतला माणूस पुष्कळदा यंत्र केवढं आहे हे कळावं म्हणून उभा असतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कष्टाचं देखणं चित्र करून दालनात टांगणं हा कष्टकऱ्याचा अपमान आहे, असं प्रामाणिक माणसं म्हणतात. सेबास्तियाव सालगादोंचं कामगारांवरचं मोठं पुस्तक १९९३ साली आलं. त्यांच्या फोटोंवरही हीच टीका झाली. ती मी उडवून लावणार नाही. चिखलाने माखलेली अनामिक पाठ सुंदर दिसते आणि पाहणारा हळहळून पुढे जातो, हे खरं आहे. पण यातून फोटोच नकोत असं निघत नाही; अनामिक फोटो अपुरा आहे, एवढंच निघतं. लुइस हाइन हा अमेरिकी शिक्षक १९०८पासून गिरण्या-खाणींतल्या बालकामगारांचे फोटो काढत हिंडला. कॅमेऱ्याबरोबर त्याची वहीही चालायची : मुलाचं नाव, वय, उंची, कामाचे तास. मालकांना तो फोटो नाकारता येईना, कारण खाली मजकूर होता. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचं जगणं चिकाटीने टिपलं. ते फोटो पाहून नुसती कीव करून सुटका होत नाही.

"फोटोने पोट भरतं का?" नाही भरत. हाइनच्या देशातही बालमजुरीला वेसण घालणारा केंद्रीय कायदा टिकून उभा राहायला १९३८ उजाडावं लागलं. मजुरी संघटनेने आणि कायद्यानेच वाढते. पण मागणी मांडायला पुरावा लागतो, आणि इथे मला ऊसतोडणी करणारी बाई दिसते. बीड, अहिल्यानगरकडून टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, व्यवहार मुकादमाशी. पहाटेच्या थंडीत फडात उतरून मोळ्या बांधणाऱ्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या त्या बाईची कारखान्याच्या हजेरीपटावर नोंद नसते. तारीख, फड, गाव आणि नाव असलेला तिचा फोटो ही तिने काम केल्याची नोंद आहे. ती दुसरीकडे कुठे आहे, ते मला कुणी दाखवावं.

अर्थात नाव छापल्याने तिच्यावर मुकादमाचा राग निघणार असेल, तर नाव वहीत राहू द्यावं. ते तिने ठरवायचं. कारखान्यातली गुपितं फुटतील, ही भीतीही घातली जाते. यंत्राचा जो भाग गुप्त असेल तो वगळा, माणूस गुप्त नसतो.

कारखान्यांनी दर गळीत हंगामात किमान एक स्थानिक फोटोग्राफर तिन्ही पाळ्यांत फिरू द्यावा. बारामतीच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी सोबत वही घेऊन जावं आणि फायरमन, पॅनमन, काट्यावरचा कारकून, फडातली बाई यांच्याकडून त्यांचं काम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. अहवालात संचालकांच्या पानाइतकंच पान त्यांना द्यावं. आणि प्रत्येक फोटोची एक छापील प्रत, हंगाम संपून टोळ्या गावाकडे परतण्याआधी, ज्याची त्याच्या हातात पडावी.