रंगभूमीवरील स्पर्श आणि संमति

चांदूर बाजारसारख्या गांवीं स्नेहसंमेलनाचे अथवा हौशी नाटकाचे दिवस जवळ आले, आणि घरांतील मुलीस एखादी भूमिका मिळाली, कीं माजघरांत एक प्रश्न हमखास निघतो : "नायक तिचा हात धरणार कीं काय?" वडील मंडळींचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. मात्र तो विचारला जातो दिग्दर्शकास, किंवा मुलीच्या वडिलांस. ज्या मुलीचा हात धरला जावयाचा, तिला कोणी विचारीत नाहीं.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता, असें कित्येक म्हणतात. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें 'रणदुंदुभि' बलवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें, त्या काळीं स्त्रीभूमिका पुरुषच करीत. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत ज्योत्स्नाबाई भोळे यांनीं काम केलें, आणि कुलीन स्त्रियांचें रंगभूमीवर येणें हळूहळू समाजाच्या अंगवळणीं पडूं लागलें. पण स्त्रीपार्ट करणाऱ्या कोंवळ्या मुलांस तरी त्यांची इच्छा कोण विचारीत होतें? प्रश्न होताच, तो कोणी विचारीत नव्हतें, इतकेंच.

दुर्गाबाई खोटे यांचें उदाहरण बोलकें आहे. 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटांत त्यांनीं लहानसें काम स्वीकारलें, तेव्हां उरलेल्या चित्रपटांत काय आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें. चित्रपट झळकल्यावर त्याच्या हीन अभिरुचीचा बोल त्यांच्या व त्यांच्या घराण्याच्या माथीं आला. पुढें १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा'मधील तारामतीनें त्यांना मानाचें स्थान मिळवून दिलें, ही गोष्ट वेगळी. येथें होकार होता, पण माहिती नव्हती. आणि माहितीवांचून दिलेला होकार म्हणजे कोऱ्या कागदावरील सही होय.

पाश्चात्य देशांतही तेंच. १९७२ सालच्या 'लास्ट टँगो इन पॅरिस' या चित्रपटांतील एका अत्याचाराच्या प्रसंगाचा तपशील मारिया श्नायडर या एकोणीस वर्षांच्या नटीपासून मुद्दाम लपविण्यांत आला होता. तिचा अभिनय नको, खरी प्रतिक्रिया हवी, म्हणून आपण तसें केलें, अशी कबुली दिग्दर्शक बर्टोलुची यांनीं २०१३ सालीं दिली. तोंवर ती बिचारी हयात नव्हती.

अशा अनुभवांतून एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. त्यास 'इंटिमसी डायरेक्टर' म्हणतात. म्हणजे जवळिकीच्या प्रसंगांचें दिग्दर्शन करणारी व्यक्ति. २०१६ सालीं अमेरिकेंत या कामासाठीं एक संस्था निघाली. आपल्याकडे 'गहराइयां' (२०२२) या चित्रपटासाठीं दार गाय यांनीं हें काम केलें. पद्धत साधी आहे. संहिता आधीं पूर्ण वाचावयास द्यावयाची. प्रत्येक नटास एकांतीं विचारावयाचें. काय चालेल व काय चालणार नाहीं, हें लिहून ठेवावयाचें. हालचाली नृत्याप्रमाणें मोजून बसवावयाच्या. आणि ठरल्याबाहेर कांहीं करावयाचें नाहीं. दिलेला होकार मागाहून परत घेतां येतो, आणि त्यासाठीं कारण सांगावें लागत नाहीं.

यावर रसिक म्हणतील कीं, असें मोजमाप केल्यावर अभिनयांतील सहजता कोठें राहिली? पण रंगभूमीवरील तलवारीचें युद्ध आपण वार मोजूनच बसवितों. तें खोटें वाटतें काय? उलट, समोरच्याचा वार कोठें पडणार हें पक्कें ठाऊक असल्यानेंच नट बेधडक लढतो. गवयासही तालाचें बंधन असतेंच. म्हणून त्याची तान कांहीं अडत नाहीं.

आमच्या तालुक्यांतील हौशी मंडळास असा तज्ज्ञ कोठून परवडणार? पण वरील नियमांस पैसा लागत नाहीं. तालमीस एखादी जाणती स्त्री हजर असावी. प्रयोगाच्या दिवशीं नवें कांहीं घुसडूं नये. आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतींत असे प्रसंग गाळावेत, हेंच उत्तम.

राहतां राहिला घरचा प्रश्न, आणि तोच अवघड आहे. घरची परवानगी आणि मुलीची संमति या दोन भिन्न गोष्टी आहेत. वडिलांनीं "हो" म्हटलें म्हणजे मंडळास सर्व मोकळीक मिळाली, असें होत नाहीं; तसेंच सज्ञान मुलगी समजून-उमजून तयार असतां वडिलांनीं तिच्या वतीनें "नाहीं" म्हणणें, हेंही तिला न विचारणेंच झालें. ज्या घरांत जेवणाच्या पानावर, सोयरिकीच्या बोलण्यांत मुलीचें "नको" ऐकून घेतलें जातें, तिलाच तालमींत "थांबा" म्हणण्याचें धैर्य होतें. म्हणून मुलगी तालमीहून परतली, म्हणजे "तो काय करतो?" असें न विचारतां "तुला तें ठीक वाटतें ना?" असें विचारावें; आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसावें.