घरगुती आरोग्य : समुद्रस्नान आणि मांड्यांचे काचणे

पुरी असो वा अलिबाग, समुद्रस्नानाहून परतताना मांड्या काचून पाऊल टाकणे अवघड झाल्याचा अनुभव आपणांपैकी अनेक पुरुषांना असेल. दोष केवळ पोहण्याच्या चड्डीचा नव्हे. ओले कापड त्वचेला चिकटते, अस्तराच्या जाळीत वाळू अडकते, पाणी सुकताच मिठाचे कण मागे राहतात आणि चालताना हे सारे घासू लागते.

म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी मांड्यांच्या आतील बाजूस व्हॅसलीन लावावे. बाहेर येताच गोड्या पाण्याने अंग धुऊन हलकेच टिपावे व ओली चड्डी तत्काळ बदलावी. त्वचा सोलवटलीच, तर ती भरून येईपर्यंत समुद्रात उतरू नये. मधुमेह असलेल्यांनी तर एवढ्याशा जखमेचीही उपेक्षा न करता ती डॉक्टरांना दाखवावी.