वाटपाचे दावे आणि मध्यस्थीचा मार्ग

बेळगाव, खानापूर, निपाणी येथील दिवाणी न्यायालयांच्या व्हरांड्यात कोणीही एक दिवस बसून पाहावे. एकाच उताऱ्यावर नावे असलेले दोन भाऊ दोन वकिलांच्या मागे उभे असतात. पुढची तारीख पडते, आणि दोघेही एकाच बसने, एकमेकांकडे न पाहता, गावी परततात.

वकीलवर्गाला आम्ही दोष देत नाही. दोष दाव्याच्या घडणीतच आहे. वाटपाच्या दाव्यात प्रथम कोणाचा किती हिस्सा एवढेच ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. जमीन प्रत्यक्ष तोडून देणे ही पुढची गोष्ट. साऱ्याच्या शेतजमिनीचे वाटप तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 अन्वये कलेक्टरकडे जाते. मध्यंतरी एखादा पक्षकार वारला की त्याचे वारस दाव्यात आणावयाचे. अपिलाची वाट धारवाडच्या खंडपीठापर्यंत जाऊ शकते, ती निराळीच. इतके होऊनही विहिरीवरची पाळी कोणाची, बांधावरचा आंबा कोणाचा आणि म्हाताऱ्या आईने कोणाच्या घरी राहावयाचे, हे प्रश्न हुकूमनाम्यात येतच नाहीत. आणि भांडण बहुधा त्यांच्यावरूनच पेटलेले असते!

म्हणूनच 2002 पासून अंमलात आलेल्या कलम 89 कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. या कलमाने न्यायालयास दावा मध्यस्थीकडे पाठविता येतो. बंगळूरचे मध्यस्थी केंद्र 2007 साली सुरू झाले. 2023 साली संसदेने या विषयावर स्वतंत्र कायदाही केला. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांचे एकत्र ऐकतो, प्रसंगी प्रत्येकाशी एकांतात बोलतो. तेथे बोललेला शब्द पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे मनातले बोलण्यास माणूस कचरत नाही. तडजोड जुळली तर न्यायालय तीप्रमाणे हुकूमनामा करते, न जुळल्यास दावा होता तेथून पुढे चालतो.

यावर कोणी म्हणेल, हे तर आमचे जुने गावपंचच झाले. तसे नव्हे, आणि तसे होऊही नये. पंचांच्या बैठकीत बहिणीला बहुधा चहाच्या कपाबरोबर हक्कसोडपत्रच पुढे केले जाई. माहेर तुटेल या धाकाने तिने केलेल्या सहीला तडजोड म्हणणे ही निव्वळ थट्टा होय. वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे 2005 च्या दुरुस्तीने ठरले. वडील त्या दुरुस्तीपूर्वी वारले, एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. मध्यस्थापुढे बसताना बहिणीला हे ठाऊक असले पाहिजे. मग तिने आपण होऊन काही सोडले, तर ती तिची मर्जी.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. वर्षानुवर्षांचे हेलपाटे यामुळेच संपतात; पण न वाचता केलेली सही गळ्याशी येते तीही यामुळेच. आमच्या भागात बोलणी मराठीत होतात आणि कागद कन्नडात वा इंग्रजीत तयार होतो. तेव्हा मध्यस्थी केंद्रांनी तडजोडीचा प्रत्येक मसुदा पक्षकारास मराठीत वाचून दाखविण्याची व्यवस्था ठेवावी, अशी आमची मागणी आहे. ती होईपर्यंत शेजारच्या शिकलेल्या मुलास बरोबर न्यावे, कागद त्याच्याकडून ओळीओळीने समजून घ्यावा, आणि त्यानंतरच लेखणी हाती धरावी.