प्रस्थानाचे गाठोडे

दरसाल ज्येष्ठ-आषाढाच्या संधीस श्रीतुकोबारायांची पालखी बारामतीहून निघून आमच्या सणसरास मुक्कामास येते. अशा वेळी ओटीवर बसून वारकऱ्यांच्या खांद्यावरील पडशा न्याहाळणे हा आमचा जुना छंद आहे. एक धोतर, एक पांघरूण, टाळ व थोडी शिदोरी. वाटेस लागेल तेवढे आणि हाताशी सापडेल असे. नेमक्या याच दिवसांत गावातील बारावी उत्तीर्ण झालेली मुले बारामतीस किंवा पुण्यास कॉलेजात जाण्याची तयारी करीत असतात. त्यांच्या सामानात कपड्यांची मोठी पेटी असते, लाडू-चिवड्याचे डबे असतात. कागदपत्रे मात्र कापडदुकानाच्या एखाद्या पिशवीत चुरगळून पडलेली असतात.

पूर्वी आपल्या घरांतून प्रस्थान ठेवण्याची चाल होती. मुहूर्तावर निघणे न जमल्यास गाठोडे बांधून शेजाऱ्याच्या घरी ठेवीत. गाठोडे निघाले की प्रवास सुरू झाला असे मानीत. आजच्या विद्यार्थ्याने आपले प्रस्थान कागदांचे ठेवावे, व तेही वैशाखात, असे आमचे सांगणे आहे.

कागदाचे महत्त्व आजचेच आहे असे कोणी समजू नये. 1875 साली धोंडो केशव कर्वे हे कोकणातील मुरुडाहून कुंभार्ली घाटाने सातारा येथे परीक्षेसाठी पायी गेले. पावसाचे दिवस, रानावनाची वाट. वयाला सतरा वर्षे पुरी झालेली होती. पण मूर्ती लहान. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्यावरून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही व आल्या पावली परतावे लागले. त्याच कर्व्यांनी पुढे 1916 साली महिला विद्यापीठ स्थापिले. परंतु प्रत्येक मुलाच्या अंगी कर्व्यांचा चिवटपणा असतोच असे नाही. एकदा दारातून परत फिरलेला मुलगा पुष्कळदा कायमचा फिरतो.

आता एक गोष्ट सांगतो. सांगताना आम्हास संकोच वाटतो, कारण तीत दोष आमचा आहे. आमच्या नोकरीच्या उत्तरार्धात एक गृहस्थ मुलास पहिलीत घालावयास आले. जन्मदाखल्यावर नाव होते ‘ऋषिकेश’. आम्ही पडलो संस्कृताचे अभिमानी. ‘हृषीक’ म्हणजे इंद्रिये, त्यांचा जो ईश तो ‘हृषीकेश’, असे त्या गृहस्थांस समजावून आम्ही रजिस्टरात शुद्ध नाव लिहिले. ते बिचारे म्हणाले, “गुरुजी, तुम्हाला कळतं तेच खरं.” पुढे शाळेच्या नावावरून बोर्डाची गुणपत्रिका झाली आणि जन्मदाखल्यावरून आधारपत्र. इंग्रजीत एकाचे आद्याक्षर ‘एच’, दुसऱ्याचे ‘आर’. बारा वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. मुलगा हुशार निघाला. संगणकाच्या अभियांत्रिकीस त्याचा क्रमांकही लागला. मात्र कागद तपासणीच्या वेळी दोन नावे जुळेनात. प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्र आणा, असे सांगण्यात आले. तालुक्यास खेपा घालण्यात मुदतीचे दिवस संपले व ती जागा गेली. पुढच्या फेरीत त्यास दुसऱ्या शाखेत प्रवेश घ्यावा लागला.

यंत्रास व्युत्पत्ती कळत नाही. कळण्याचे कारणही नाही. आमचे शुद्धलेखन शुद्ध राहिले आणि एका मुलाची वाट बदलली. म्हणून वाचकांस आमची पहिली विनंती ही की, आज सायंकाळी दिवेलागणीनंतर घरातील प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधारपत्र व बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी मांडून नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव व जन्मतारीख अक्षर अक्षर ताडून पाहावी. मूल शाळेत असेपर्यंत शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटली की ती वाट बिकट होते. आधारपत्रावरील नाव जन्मात दोनदाच बदलता येते, तेव्हा तेथेही विचारपूर्वक पाऊल टाकावे.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला, सामायिक प्रवेश परीक्षेचे गुणपत्र, आधारपत्र, वय-राष्ट्रीयत्व-अधिवासाचा दाखला व उत्पन्नाचा दाखला, इतकी तयारी बहुतेकांस लागते. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यास जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेसाठी समितीपुढे वंशावळ व वाडवडिलांचे जुने पुरावे ठेवावे लागत असल्यामुळे ते काम अकरावीतच हाती घ्यावे. ज्यांस कोणतेच आरक्षण नाही परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी 2019 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला आहे. केंद्राच्या संस्थांसाठी त्याचा नमुना निराळा असून तेथे पाच एकर वा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास तो मिळत नाही. कालव्याखालील आमच्या भागातील घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मध्ये एखादे वर्ष खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र हवे. अन्य बोर्डातून आलेल्यास स्थलांतर प्रमाणपत्र हवे.

मुलींच्या बाबतीत मोठ्या घरांतून अजूनही ‘तिचे दाखले मागाहून पाहू’ असे म्हणतात. हे बरे नव्हे. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबातील मुलींस मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. परंतु ही माफी दाखल्यावाचून मिळत नाही. एका कागदाच्या आळसाने घरची लेक शिक्षणास मुकली, तर तो दोष कोणाच्या माथी?

आमच्या सणसरकरांची अडचण अशी की कॉलेज जवळच्या बारामतीस आणि तहसील कचेरी लांब इंदापुरास. आता अर्ज सेतू केंद्रातून वा घरबसल्या करता येतात. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांस मुदतीचे बंधनही घातले आहे. म्हणून अर्जाची पोच अवश्य जपून ठेवावी. निकालानंतर सारा तालुकाच त्या दारी उभा राहतो, हे ओळखून आधीच अर्ज करावा.

तिसरी गोष्ट जपणुकीची. शाळा सोडल्याचा मूळ दाखला नव्या कॉलेजात जमा होतो. तत्पूर्वी त्याच्या पाच-सहा प्रती काढाव्यात. इतर मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. मूळ प्रमाणपत्रे तपासून परत करावीत, अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली संस्थांस बजाविले आहे. प्रतींचा एक संच मुलाजवळ, एक घरच्या पेटीत असावा. पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे घरातील दोघांस तरी ठाऊक असावे. आजोबा काशीस आणि किल्ली त्यांच्या कडदोऱ्यास, असे होऊ नये! मुलाच्या स्वतःच्या नावे, आधारास जोडलेले बँकखाते हवे, कारण शिष्यवृत्ती तेथेच जमा होते. डझनभर छायाचित्रे सोबत असावीत. रॅगिंग न करण्याचे हमीपत्र विद्यार्थी व पालक दोघांसही द्यावे लागते. ते वाचून सही करावी व मुलास समजावूनही सांगावे.

राहिले सामान. ताट-वाटी-तांब्या, दोन चादरी, मच्छरदाणी, भक्कम कुलूप व दोन किल्ल्या, सुईदोरा, नित्याची औषधे, एक चांगला शब्दकोश, आणि एका कागदावर रक्तगट व घरचे दूरध्वनी क्रमांक. दूरध्वनीयंत्र बंद पडले तर तोच कागद उपयोगी पडतो. जे रोज येऊन-जाऊन शिकणार आहेत त्यांस एस.टी.चा विद्यार्थी पास भाड्याच्या सुमारे तृतीयांशात मिळतो. त्यासाठी कॉलेजचा दाखला पहिल्याच आठवड्यात मागावा. बाकी सारे तेथे विकत मिळते.

तो आमचा विद्यार्थी गेल्या वारीत भेटला. स्थापत्याच्या दुसऱ्या वर्षात आहे. आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा वाकून नमस्कार करीत म्हणाला, “गुरुजी, तुम्ही लिहिलेलं नाव आता सगळ्या कागदांवर झालं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे कागद मात्र एकदा नजरेखालून घाला.” आम्ही घातले. दोन चुका सापडल्या. तेव्हापासून दर वैशाखात सायंकाळी आमच्या ओटीवर मुलांचे कागद येतात. आम्ही चष्मा लावून एकेक अक्षर ताडतो, आणि आता शुद्ध काय ते पाहत नाही, सारखे काय तेवढेच पाहतो.